मुठीएवढं दिसतं

परवा मार्केट यार्डातले एक हमाल आले. वय पंचावन्नच्या आसपास, उभा जन्म हळदीची पोती वाहण्यात गेलेला. ते आत आले आणि खोलीभर कच्च्या हळदीचा वास पसरला. "म्याडम, उजवा हात वरच जाईना झालाय. सदरा घालायला बायको लागती," म्हणाले. मी त्यांना खाटेवर झोपवलं, कोपर अंगालगत धरलं आणि हात सावकाश बाहेरच्या बाजूला वळवायला लागले. थोडंसं वळून हात थांबला. तिथे मी डोळे मिटून घेतले.

सांधा जिथे थांबतो, तिथे हाताला जे जाणवतं त्याला आमच्या फिजिओथेरपीत 'एंड फील' म्हणतात. कोपर पूर्ण सरळ करत नेलं की शेवटी हाडावर हाड टेकल्यासारखं टणक लागतं. गुडघा दुमडत नेला की पोटरी मांडीला भिडते आणि मऊ लागतं. जखडलेल्या खांद्यात मात्र जाड, ओलसर चामडं ताणल्यासारखं लागतं. थोडं देतं आणि मग अजिबात देत नाही. सांध्याभोवतीची पिशवी आखडलेली असते. अशा खांद्याची एक ठरलेली रीत असते: हात बाहेर वळवणं सगळ्यात जास्त कमी होतं, मग बाजूने वर उचलणं, आणि त्यानंतर पाठीमागे नेणं. अण्णांच्या खांद्यात तेच होतं. मी विचारलं, "शुगर तपासली होती का कधी?" कधीच नाही. मधुमेह असलेल्यांत जखडलेला खांदा बराच जास्त आढळतो, म्हणून चिठ्ठी लिहून दिली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. साखर चांगलीच वाढलेली होती.

निघताना त्यांचं लक्ष टेबलाला टेकवलेल्या घडीच्या पांढऱ्या काठीकडे गेलं. "म्याडम, तुमाला दिसत न्हाई व्हय?"

"थोडं दिसतं, अण्णा."

"मग माझ्या खांद्यात काय झालंय ते कसं कळलं?"

मी म्हटलं, खांद्याच्या आतलं कुणालाच दिसत नाही. ते हाताने बघायचं असतं आणि तुम्हाला विचारायचं असतं. त्यांना हे पटलं असावं, कारण पुढच्या खेपेला ते मेहुण्याला घेऊन आले.

पण त्यांचा प्रश्न माझ्याजवळ राहिला. सोळाव्या वर्षापासून हा प्रश्न मला लोक विचारत आलेत. विचारतात म्हणण्यापेक्षा सांगतात. 'दिसत नाही, मग हे कसं करणार' या वाक्याच्या शेवटी बहुतेक वेळा प्रश्नचिन्ह नसतंच.

मी तासगावकडची. आमची द्राक्षबाग होती. ऑक्टोबरची छाटणी झाली की दिवस लहान व्हायला लागायचे आणि माझे हाल सुरू व्हायचे. सूर्य कलला की मांडवाच्या तारा दिसेनाशा व्हायच्या. भावंडं बांधावरून पळत घरी जायची आणि मी मात्र एका हाताने वेलीचे खांब चाचपत यायची. कपाळावर तारेचा ओरखडा नेहमीचाच. घरात सगळ्यांचं एकमत होतं की ही धांदरट आहे. आई गाजरं खायला घालायची, कुणीतरी सांगितलं म्हणून शेवग्याचा पाला घालायची. मला स्वतःला वाटायचं, अंधारात सगळ्यांना इतकंच दिसतं, फक्त बाकीचे धीट आहेत.

२००२ मध्ये, अकरावीत असताना, मला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आमच्या भागात दुखणं गावात बरं झालं नाही की मिरज, हे ठरलेलं. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतच्या माणसांची वाट त्या गावाकडे वळलेली आहे. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, पडदा तपासला आणि आईला विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं का?" आई म्हणाली, "आतेभाऊच." रेटिनायटिस पिगमेंटोसा, ते म्हणाले. पडद्यावरच्या अंधारात बघणाऱ्या पेशी आधी मरतात. मग कडेची नजर आत आत सरकत येते. जगभरात साधारण चार हजारांत एकाला होतं. औषध नाही. आई-वडील दोघांकडे सारखंच बिघडलेलं जनुक असेल तर मुलात ते दुहेरी येऊ शकतं, आणि नात्यातल्या लग्नात तसं होण्याची शक्यता वाढते.

तासगावच्या एसटीत आई एक शब्द बोलली नाही. आमच्याकडे मामाची मुलगी सून म्हणून आणणं हा मानाचा भाग. तिने त्यात स्वतःहून काहीच ठरवलेलं नव्हतं. तरी पुढची कितीतरी वर्षं ती माझ्याकडे बघताना अपराध्यासारखी बघायची. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारायलाच हवा होता, हे मला आज कळतं. पण उत्तर ऐकल्यावर आणखी दोन मिनिटं थांबून, 'यात तुमचा दोष नाही' एवढं ते बोलले असते तर आमच्या घरातलं बरंच काही वेगळं झालं असतं. मी आता पेशंटच्या नातेवाइकांना असा एखादा प्रश्न विचारते, तेव्हा ती दोन मिनिटं राखून ठेवते.

नातेवाइकांनी मग माझं भवितव्य ठरवायला घेतलं. एका काकांनी विष्णु दिगंबर पलुसकरांची गोष्ट सांगितली. ते आमच्या जवळच्याच कुरुंदवाडचे. लहानपणी चेहऱ्याजवळ फटाका उडाला आणि डोळे गेल्यासारखे झाले. त्यांनाही उपचारांसाठी मिरजेलाच आणलं होतं. नजर पूर्ण परत आली नाही, पण मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं केलं. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण काकांच्या तोंडून ती ऐकताना मला वाटत होतं की एक दार दाखवताना बाकीची सगळी बंद केली जाताहेत. मला गायचं नव्हतं. आजोबांना अर्धांगवायू झाला होता तेव्हा सांगलीहून आठवड्यातून दोनदा एक ताई यायच्या. त्यांनी आजोबांच्या लुळ्या बोटांत एकेक करून हालचाल आणली होती, आणि उशाशी बसून मी ती बघितली होती. मला ते काम करायचं होतं.

या आजाराचा एक विचित्र भाग असा की मधली नजर बराच काळ शाबूत राहते. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ मी खडाखडा वाचायचे. दोन्ही डोळे ६/६. कॉलेजच्या प्रवेशासाठी लागणारा फिटनेसचा दाखला त्यामुळे मिळून गेला. २००४ मध्ये फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला, साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. मी कुणाशी खोटं बोलले नाही. पण जे विचारलं गेलं नाही, ते सांगितलंही नाही.

शरीररचनेच्या तासाला ते लपून राहिलं, उलट माझं बरं चाललं. काखेतलं नसांचं जाळं पुस्तकात बघून मुलं रडकुंडीला यायची. मी शवाच्या काखेत बोटं घालून एकेक नस मुळापासून टोकापर्यंत माग काढत शिकले. फॉर्मेलिनने बोटांची सालं निघायची. मैत्रिणीच्या पाठीवर मणके मोजायला बसायचे, मानेचा सातवा ठळक मणका सापडला की तिथून खाली. आजही कुणाच्या पाठीवरून हात फिरवताना मोजणी आपोआप सुरू होते.

मग इंटर्नशिप आली, आणि लपवण्याची किंमत दुसऱ्याने मोजली. वॉर्डात पक्षाघात झालेले एक आजोबा होते. संध्याकाळची पाळी माझी. कूस बदलणं, हातापायांच्या हालचाली, छातीचे व्यायाम, आणि दाब पडणाऱ्या जागा तपासणं: माकडहाड, टाचा, खुबे. वॉर्डातल्या ट्यूबलाइट अंधुक होत्या. मी सगळं केलं आणि वहीत 'त्वचा ठीक' असं लिहिलं. सकाळी सिस्टरनी पाहिलं तेव्हा टाचेची कातडी सोलून आली होती. आदल्या संध्याकाळी तिथे लाली असणारच. मला ती दिसली नव्हती. आजोबांच्या आजीबाई मला म्हणाल्या, "असू दे गं बाळ, किती करतीस तू." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी आमच्या मॅडमकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. आता घरी पाठवतील अशी तयारी ठेवूनच गेले होते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुला नेमकं काय दिसत नाही?"

सात वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. कमी उजेडात दिसत नाही, मी म्हटलं. फिकट लाल आणि कातडीचा रंग यातला फरक कळत नाही. डाव्या-उजव्या बाजूने कोण आलं ते कळत नाही. जमिनीवरची वस्तू कळत नाही. त्यांनी कागद घेतला आणि माझ्या दिवसभराच्या कामाची यादी केली. प्रत्येक कामापुढे एकच नोंद: यात डोळ्याचं काम कोणतं. मला धक्का बसला, कारण डोळ्याचं काम मला वाटत होतं त्याच्यापेक्षा कितीतरी कमी निघालं. पण जे निघालं ते टाळता येण्यासारखं नव्हतं. त्वचेच्या बाबतीत त्यांनी शिकवलं की सावळ्या कातडीवरची लाली डोळस माणसालाही चुकते. म्हणून हाताच्या पालथ्या बाजूने ऊब बघायची, बोटाने दाबून आजूबाजूपेक्षा कडक किंवा लिबलिबीत लागतं का ते बघायचं, आणि एवढं करूनही रोज एकदा सिस्टरना किंवा घरच्यांना उजेडात बघायला सांगायचं. "सांगायचं म्हणजे मोघम नाही. टाच वर कर, दाब, दाबलेली लाली जाते का ते मला सांग, असं सांगायचं."

आयुर्वेदात रोग्याची परीक्षा तीन प्रकारे सांगितलेली आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. लहानपणापासून हे शब्द कानावर होते. त्या संध्याकाळनंतर मला तिसऱ्याचं मोल कळलं. प्रश्न फक्त रोग्यालाच विचारायचा असं नाही. मला स्वतःलाही विचारायचा, शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही.

मग एकेक करून रिती सापडत गेल्या. कोन मोजायच्या गोनिओमीटरवर दर दहा अंशांना नखाला लागेल अशी खाच पाडून घेतली. मशीनच्या बटणांवर टिकल्या लावल्या. गोल टिकली शून्यावर, लांबट टिकली नेहमीच्या मात्रेवर. जुनी, फिरवायच्या बटणांची मशीन मला सोयीची. हल्ली येणारी गुळगुळीत पडद्याची मशीन बघितली की वाईट वाटतं. एक उंचवटा ठेवायला बनवणाऱ्याला काय पडलं असतं? शेक देण्याआधी गरम-गार कळतं का हे तपासणं आणि शरीरात धातूची पट्टी किंवा पेसमेकर आहे का हे विचारणं सगळ्यांनाच शिकवतात. मी ते एकदाही वगळत नाही, कारण भाजलेली कातडी उशिरा लक्षात आली तर ती चूक माझी असेल.

चालण्याची तपासणी हा सगळ्यात अवघड भाग. बरंचसं ऐकू येतं. पाऊल लुळं पडलेलं असेल तर फरशीवर चपकन आपटतं. पार्किन्सनचं पाऊल घासत, घाईघाईने येतं. दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ टेकतो, त्यामुळे ताल लंगडतो. पण कमरेचा एका बाजूला होणारा झोल ऐकू येत नाही. तो बघावाच लागतो. इथे माझ्या नजरेचं गणित उपयोगी पडलं. हात समोर लांब करून मूठ आवळली की ती साधारण १० अंश जागा झाकते. धडधाकट माणसाला डावीकडून उजवीकडे सुमारे १८० अंश दिसतं. मला आता मुठीएवढं दिसतं. समोर हातभर अंतरावर त्यात चेहऱ्याचा जेमतेम अर्धा भाग मावतो. पण दहा मीटर लांब गेलं तर त्याच मुठीत अख्खा माणूस मावतो. आमच्या इमारतीचा बोळ तेवढा लांब आहे. पेशंटला मी त्या टोकाला उभं करते, इकडे चालत यायला सांगते, आणि फोनवर चित्रण करून नंतर हवं तितकं लहान करून बघते. दहा मीटर चालायला किती सेकंद लागले हे मोजणं आमच्या शास्त्रात तसंही आहेच. बोळात राहणाऱ्या काकू आता पेशंट आला की आपली पादत्राणं स्वतःहून बाजूला घेतात.

हे सगळं गोड वाटावं म्हणून लिहीत नाही. २०१४ मध्ये नजर २० अंशांच्या आत आल्यावर मला अपंगत्वाचा दाखला मिळाला, ७५ टक्के. मी तेव्हा ज्या खासगी रुग्णालयात नोकरीला होते तिथे तो प्रामाणिकपणे दाखवला. महिन्याभरात माझे पेशंट दुसऱ्याकडे गेले आणि मग मी गेले. माझ्या हातून काही चुकलं का, असं विचारलं तर उत्तर आलं, "नाही, पण उद्या चुकलं तर?" पाच वर्षांच्या माझ्या नोंदी त्यांच्या कपाटात होत्या. त्या कुणी उघडल्याही नाहीत. एक कागद बघितला, त्यावरचा आकडा बघितला. या गोष्टीचा राग मला अजून आहे आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

सध्याचा दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या कारणाने काढता येत नाही, असं त्याचं २० वं कलम सांगतं. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. पण डॉक्टरकीच्या बाबतीत गाडी पुन्हा आकड्यावर अडायची. २०१९ च्या नियमांत असं होतं की दृष्टिदोष ४० टक्क्यांहून जास्त असेल तर साधनं वापरून तो ४० च्या खाली आणता आला तरच एमबीबीएसला पात्र. म्हणजे राखीव जागेसाठी किमान ४० टक्के अपंगत्व हवं, आणि ४० च्या वर गेलं की दार बंद. वाणीदोष असलेल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की नुसता टक्क्यांचा आकडा बघून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही, हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने तपासलं पाहिजे. योगायोग असा की १५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस. बातमी मी फोनवर ऐकत होते. मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या त्या सपाट आवाजात ते वाक्य आलं आणि मी ते पुन्हा मागे घेऊन ऐकलं. मॅडमनी एका कागदावर जे केलं होतं, तेच देशाचं न्यायालय सांगत होतं.

गेल्या उन्हाळ्यात जतहून एक मायलेकी आल्या. मुलीची बारावी झालेली. स्टारगार्ट नावाचा आजार, म्हणजे माझ्या बरोबर उलट. माझी कडेची नजर गेली, तिची मधली जातेय. तिला वैद्यकीय क्षेत्रात यायचं होतं. आईला वाटत होतं मी तिला समजावून परत पाठवावं. "ताई, तुम्हीच सांगा हिला, किती वढाताण हुती ती."

ओढाताण होते, हे मी सांगितलंच. प्रत्येक ठिकाणी नव्याने सिद्ध करावं लागतं, हेही सांगितलं. सर्जन व्हायचं म्हणशील तर मी हो म्हणणार नाही, म्हटलं, कारण तिथे डोळ्याचं काम दुसऱ्या रितीने होत नाही. तिने विचारलं, दिसत नसलेलं कुणी डॉक्टर झालंय का? मी तिला शिकागोच्या जेकब बोलोटिनबद्दल सांगितलं. ते जन्मांध होते, आणि शंभर वर्षांपूर्वी हृदय आणि फुफ्फुसांचे डॉक्टर म्हणून नावाजले होते. डेव्हिड हार्टमन यांची नजर आठव्या वर्षी गेली. १९७६ मध्ये ते अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची नावाचे अंध वैद्य होते. ॲक्युपंक्चरची सुई बारीक नळीतून घालायची युक्ती त्यांची, आज डोळस लोकही ती वापरतात. जर्मनीत डॉ. फ्रँक हॉफमन यांनी अंध स्त्रियांना स्तनातल्या गाठी बोटांनी शोधायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, आता आपल्याकडेही तशा मुली तयार होत आहेत. अहमदाबादच्या अंधजन मंडळाने दृष्टिहीनांना फिजिओथेरपी शिकवलेली आहे. आई ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आमाला ह्यातलं कोण काय बोललंच न्हाई कधी."

मुलगी मात्र माझ्याकडे बघत नव्हती असं मला वाटत होतं. तिची नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी होती. कंटाळली असेल, असं मनात आलं आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. मधलं दिसत नाही म्हणून ती कडेने बघत होती. मला बघायचं तर तिला तसंच बघावं लागणार होतं. मी विचारलं, "मी तुला नेमकी कुठून दिसते?"

ती जराशी थांबली. "मान थोडी डावीकडं केली की. समोर बघितलं की तुमचा चेहरा जातो. तुम्हाला मी?"

"तुझा चेहरा दिसतो. हात, पाय, ओढणी, काही नाही."

मी खुर्ची हातभर मागे सरकवली. तिने मान थोडी वळवली.

"आता?" तिने विचारलं.

"अजून थोडं," म्हणत मी आणखी मागे सरकले, भिंतीला पाठ टेकेपर्यंत. तिचे खांदे आले, मग मांडीवर घट्ट धरलेली फाइल आली, मग फाइलवरची बोटं आली.

"आता दिसतेस," मी म्हटलं. "फाइल दे इकडे. बस. सांग, दिवसभरात काय काय करतेस."